लग्नाआधी चार दिवस समुद्राकाठी : मॉरिशसच्या आमंत्रणाचं काय करायचं?



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. वाशिममध्ये बसून परदेशातल्या समुद्राच्या गोष्टी कशाला, असंही कुणी म्हणेल. आपल्या जवळचं खारं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर, तेही बुलडाणा जिल्ह्यात. पण दिवस बदललेत. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या भाच्या-पुतण्यांची लग्नं आता दूरदूर जुळतात. आपल्या प्रभागातल्या एका मावशीच्या घरी मॉरिशसचं आमंत्रण आलं आहे. भाचीचं लग्न डिसेंबरात आहे, मुलगा तिथल्या मराठी कुटुंबातला. पत्रिकेसोबत निरोप आला, "लग्नाच्या चार दिवस आधी या, समुद्राकाठी घर भाड्यानं घेतलं आहे, निवांत राहा, मग मांडवात या." बैठकीत यावर इतके प्रश्न निघाले की म्हटलं, रेडिओवरच सगळं सविस्तर सांगावं.

पहिला प्रश्न असा की लग्नाआधी कशाला? लग्न झाल्यावर फिरावं की.

माझं मत सरळ आहे, आधीच. वाशिमहून मुंबई म्हणजे रात्रभरचा प्रवास. मग विमानतळावर दोन-तीन तास आधी पोचायचं, आणि मुंबईहून थेट विमान मिळालं तरी साडेसहा-सात तास एका जागी बसायचं. पाय सुजतात, कंबर धरते. साठीच्या आसपासच्या बाईला एवढं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी पैठणी नेसून मांडवात दिवसभर उभं राहणं जड जातं. लग्नानंतर मात्र पाठवणी असते, पाहुण्यांची आवराआवर असते, आणि डोळ्यांपुढं परतीचं विमान असतं. तेव्हाचा आराम आराम राहत नाही.

दुसरं कारण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलत नाही. लग्नघरी पाहुणी म्हणून गेलेली बाई तासाभरात कांदे चिरायला बसलेली असते. बैठकीत या मावशी म्हणाल्या, "पस्तीसेक लग्नं काढली असतील घरादारातली. अक्षता पडताना मांडवात किती वेळा होते? भाताची पातेली उतरवत होते." थेट लग्नघरात न उतरता चार दिवस वेगळ्या घरी राहायचं, यातला मोठा फायदा मला हाच वाटतो. चुलीपाशी ओढून नेणारं तिथं कुणी नसतं.

आता मॉरिशस आहे तरी कुठं? हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर नावाचं मोठं बेट आहे, त्याच्याही पूर्वेला. आपल्या वाशिम जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान देश. लोकवस्ती मात्र साधारण आपल्या जिल्ह्याएवढीच, बारा लाखांच्या आसपास. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं. इथं सकाळचे साडेसात, तर तिथं सहा. त्यामुळं अमेरिकेला जाणाऱ्यांची झोपेची जी उलथापालथ होते ती इथं होत नाही.

आणि तिथं मराठी माणसं कशी? ही गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. मॉरिशसवर इंग्रजांचं राज्य होतं, उसाचे मळे होते. गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यांवर राबायला माणसं हवी होती, म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. गिरमिटिया म्हणतात ते हेच. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख माणसं गेली. मुंबईहून जहाजात बसलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतले मराठी लोक होते. बायाही होत्या. पोर्ट लुई या राजधानीच्या बंदरावर जिथं ही माणसं उतरली, त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ साली युनेस्कोनं ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. २ नोव्हेंबर हा पहिले मजूर आले तो दिवस, त्या दिवशी तिथं सार्वजनिक सुट्टी असते.

मजुरांची नावं लिहिणारा कारकून परका होता. त्यानं ऐकलं तसं लिहिलं, आणि आजोबा-पणजोबांचं नावच पुढं आडनाव होऊन बसलं. म्हणून तिथल्या मराठी घरांत रामजी, सखाराम अशी आडनावं ऐकू येतात. त्या जुन्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. काहींचे तर फोटोही आहेत.

तिथल्या मराठी लोकांनी भजन, जाखडी, गणपती हे सगळं जपलं. कॅस्कावेल नावाच्या गावात १८९६ मध्ये गणेशोत्सव सुरू झाला, आणि आज गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. शाळेत मुलं मराठी शिकतात. पण घरात बोलतात ती क्रेओल भाषा, फ्रेंचमधून तयार झालेली. म्हणून व्याही-विहिणीला मराठी अडखळत आलं तर "आपलं बोलणंही येत नाही यांना" असं मनात आणू नका. पाच-सहा पिढ्या परमुलखात काढून ज्यांनी गणपती सोडला नाही, त्यांच्याकडून आणखी काय हवं?

हे कॅस्कावेल पश्चिम किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे. शेजारीच फ्लिक आँ फ्लाक नावाचा लांबलचक पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. मावशींना ठरवून दिलेलं घर तिथंच आहे. किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, कोकणात असतात तीच. तोंड पश्चिमेला, म्हणजे सूर्य रोज समुद्रात बुडताना दिसतो. दक्षिणेला ल मॉर्नचा डोंगर दिसतो. गुलामीतून पळालेली माणसं त्या डोंगरावर लपून राहायची म्हणून तोही जागतिक वारसा आहे. रविवारी तिथली कुटुंबं मोठाली भांडी, चटया घेऊन सुरूच्या सावलीत दिवसभर बसतात. सार्वजनिक किनाऱ्याला तिकीट नसतं. मोठ्या हॉटेलात उतरलं तरच समुद्र मिळतो असं नाही, हे लक्षात ठेवा. हजारो रुपयांच्या खोलीतून जो समुद्र दिसतो, तोच चटईवरूनही दिसतो.

आता कागदपत्रं, कारण खरी गाडी इथंच अडते.

पासपोर्ट. छत्तीस पानांचा, दहा वर्षं चालणारा, त्याची साधी फी १,५०० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर २,०००. अर्ज पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर भरायचा, पैसे तिथंच भरायचे, तारीख घ्यायची आणि मूळ कागद घेऊन त्या दिवशी केंद्रात जायचं. आता बऱ्याच ठिकाणी मोठ्या पोस्ट ऑफिसातही हे केंद्र असतं, अर्ज भरताना जवळचं केंद्र दिसतं. बोटांचे ठसे, फोटो तिथंच घेतात. नंतर पोलीस पडताळणी होते. फी सरकारनं ठरवलेली आहे. भरून देणाऱ्याची मजुरी वेगळी द्या, पण "साहेबाला द्यावे लागतात" म्हणून कुणी हजारो मागितले तर उठून या.

आपल्या बायांची अडचण फीची नसते, नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनकार्डवर तिसरंच काही. जन्मतारीख म्हणाल तर निम्म्या गावाची १ जानेवारी. पासपोर्टच्या अर्जाआधी आधार आणि बाकीचे कागद समोरासमोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळं घाईत चुकीची घालू नका. लग्नाचं प्रमाणपत्र नसेल तर पासपोर्ट मिळत नाही हा जुना समज आहे. २०१६ अखेरच्या नियमबदलानंतर त्याची सक्ती राहिलेली नाही.

आणखी एक भीती. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो. तो पाहून काही जणींना वाटतं, आता विमानतळावर अडवतील. तसं नाही. तो शेरा ठरावीक १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, आखाती देश वगैरे. त्या यादीत मॉरिशस नाही, आणि लग्नाला किंवा फिरायला जाणाऱ्याला तो आड येत नाही. वय पन्नासच्या वर असेल तर हा शेरा येतच नाही.

व्हिसा आधी काढावा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला तिथं उतरल्यावर प्रवेश मिळतो. मात्र परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे आहेत हे दाखवावं लागतं. निघण्याआधी एक फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, तो घरातल्या कॉलेजच्या पोरीकडून भरून घ्या. भाड्याच्या घराचा पत्ता, यजमानांचा फोन नंबर आणि लग्नाची पत्रिका कागदावर छापून पर्समध्ये ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेत संपते.

पैशाचं आता. तिथंही रुपयाच चालतो, पण तो मॉरिशसचा रुपया. तो एक म्हणजे आपले पावणेदोन-दोन रुपये. भाजीवालीनं "शंभर" म्हटलं की आपल्याला स्वस्त वाटतं आणि तिथंच हिशेब चुकतो. मनातल्या मनात दुप्पट करा, म्हणजे फसायला होत नाही. १२ फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआय आणि रूपे कार्ड तिथं सुरू झालं आहे. पण ॲपमध्ये परदेशातल्या वापराची सोय आधी चालू करावी लागते, आणि प्रत्येक दुकानात ते असेलच असं नाही. थोडी रोकड जवळ हवीच.

बैठकीत खरा वाद झाला तो गटाच्या कर्जावरून. मावशींच्या घरातून सूर असा निघाला, "समुद्र पाहून काय पोट भरतं?" मग एक जण म्हणाली, गटातून तीस हजार उचल. मी हिशेब मांडला. शेकडा दोन रुपये महिना व्याज आणि दहा हप्ते धरले, तर दर महिन्याला मुद्दलाचे तीन हजार, आणि व्याज पहिल्या महिन्यात सहाशे, शेवटच्या महिन्यात साठ. एकूण व्याज ३,३०० रुपये. तसं ते व्याज गटातच राहतं, सावकाराकडं जात नाही, हे खरं. पण जानेवारीपासून दर महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास कुठून येणार? सोयाबीनचा पैसा तोवर खर्ची पडलेला असतो, तूर-हरभरा अजून घरात यायचा असतो. फिरण्यासाठी गटाचं कर्ज घेऊ नये असं माझं मत पडलं. एकीला ते पटलं नाही. ती म्हणाली, "बारशाला, तेराव्याला कर्ज दिलं तेव्हा कुणी विचारलं नाही. बाई स्वतःसाठी मागते तेव्हाच हिशेब निघतो." तिचं बोलणं मला आजही खोडता येत नाही.

शेवटी तोडगा निघाला तो मावशींचाच. तिकिटाचा निम्मा भार धाकट्या बहिणीनं उचलला. मावशींनी दोन बकऱ्या विकल्या. पासपोर्टच्या फीपुरते १,५०० तेवढे गटानं दिले. पासपोर्टसाठी कर्ज द्यायला माझी हरकत नाही, कारण तो कागद दहा वर्षं उपयोगी पडतो.

सामान भरताना आपल्या रीतिरिवाजांना थोडी मुरड घालावी लागेल. ओटीसाठी सुकं खोबरं पिशवीत घालू नका. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. ताजी फळं, फुलं, बियाणं, रोपं, ओलं हळकुंड, आंब्याची डहाळी हे सगळं मॉरिशसमध्ये परवान्याशिवाय नेता येत नाही. बेटावरच्या उसाला, फळांना बाहेरची कीड लागू नये म्हणून ते फार कडक आहेत. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत घट्ट बांधून द्या. हातातल्या पिशवीत पातळ काहीही शंभर मिलिलिटरच्या बाटलीतच चालतं. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातच ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथं २०१६ पासून बंदी आहे, कापडी पिशव्या न्या. आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या कुणाचंही बंद पार्सल घेऊ नका, कितीही गोड बोलून दिलं तरी. अमली पदार्थांचे कायदे तिथं फार कठोर आहेत.

दागिने. लग्नाला जाणारी बाई गळा मोकळा ठेवून जाणार नाही, हे मला कळतं. जास्त सोनं नेणार असाल तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टमच्या खिडकीवर ते दाखवून दाखला घ्या. परत येताना "हे तिकडून आणलं का?" असं विचारलं तर तोच दाखला कामी येतो. पावत्या, दागिन्यांचे फोटो सोबत असू द्या. यासाठी तासभर जादा धरा. माझं ऐकाल तर मंगळसूत्र आणि एखादी माळ पुरे.

आता समुद्राकडं येऊ. मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याभोवती पाण्याखाली प्रवाळाची भिंत आहे. सूक्ष्म जीवांनी हजारो वर्षांत बांधलेली. बाहेरच्या मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. भरती-ओहोटीही आपल्या मुंबईसारखी पंधरा-सोळा फुटांची नसते, दोन फुटांच्या आतबाहेरच. म्हणूनच पोहता न येणारी बाईसुद्धा गुडघाभर पाण्यात निर्धास्त बसू शकते. कंबर-गुडघे दुखणाऱ्यांना त्या पाण्यात बरं वाटतं, कारण अंगाचा भार पाणी उचलतं. विहिरीत पोहलेल्या बायांना फरक लगेच जाणवेल. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं.

पण भिंतीला मधूनमधून खिंडारं असतात, आणि आतलं पाणी तिथून जोरानं बाहेर ओढलं जातं. दोरी-पिंप लावून आखलेल्या भागातच उतरा, गडद निळं दिसेल तिकडं जाऊ नका. पायात रबरी बूट घाला. वाळूत-खडकात काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर असतात. दगडासारखा दिसणारा एक विषारी मासाही असतो, त्याचा काटा लागला तर थेट दवाखाना गाठा. साडी नेसून पाण्यात जाऊ नका, भिजली की ती पायांत गुंतते. जुना सलवार-कुर्ता उत्तम. अंगभर कपडे घातले म्हणून तिथं कुणी हसत नाही. डिसेंबरात तिथं उन्हाळा असतो आणि दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सकाळी नऊच्या आत आणि चारच्या पुढं पाण्यात जा, मधला वेळ झोपेला ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ. वादळाची सूचना निघाली की समुद्राकडं फिरकू नका, यजमान सांगतील तसं घरात थांबा. शंख, पोवळी उचलून आणू नका, त्यावर निर्बंध आहेत.

चार दिवसांत काय पाहायचं याची मोठी यादी करू नका. एक दिवस पोर्ट लुईला जाऊन तो घाट पाहावा, आणि गंगा तलाव या डोंगरावरच्या तळ्याकाठचं शंकराचं देऊळ पाहावं. महाशिवरात्रीला तिथं लोक पायी कावड घेऊन जातात. बाकी तीन दिवस काहीही करू नये. हे "काहीही न करणं" आपल्याला फार अवघड जातं. हात रिकामे ठेवायची सवयच नाही.

रस्त्यावर डाळपुरी मिळते, ती जरूर खा. पातळ पोळीत शिजवलेली पिवळी डाळ भरलेली, आत गूळ नाही, वरून रस्सा. पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. लग्नात हळद लावताना कुणी "साफ्राँ, साफ्राँ" म्हणालं तर केशर शोधू नका, तिथं हळदीलाच ते नाव आहे. लग्नं बहुधा शनिवार-रविवारी धरतात, कारण बाकीचे दिवस सगळे कामावर असतात. जेवण केळीच्या पानावर, शाकाहारी.

ज्यांना परदेश नाही, पण रत्नागिरीकडं किंवा मुंबईला लग्न आहे, त्यांनीही एक-दोन दिवस आधी निघून गणपतीपुळ्याला मुक्काम करावा. पर्यटन महामंडळाचं निवास तिथं अगदी किनाऱ्यालगत आहे. फक्त तो समुद्र मॉरिशससारखा भिंतीआडचा नाही. थेट उघडा आहे, ओढ फार आहे, दर वर्षी माणसं बुडतात. तिथं घोट्याएवढ्या पाण्यापुढं जायचं नाही, आणि पावसाळ्यात तेवढंही नाही.

मावशींची पोलीस पडताळणी झाली आहे. पासपोर्ट यायचा आहे. येत्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आपलं आधार, पॅन आणि शाळेचा दाखला घेऊन यावं. लग्नाचं आमंत्रण असो वा नसो, नावं जुळतात का ते एकत्र बसून पाहू. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेचं नाव आणि साधारण वर्ष लिहून आणा, शाळेच्या रजिस्टरवरून दुसरी प्रत मिळते.